दुपारी तुटणारे आणि रात्री रेंगाळणारे केबल इंटरनेट: दोष कोठे शोधावा?

सोलापूरच्या साखर पेठेतील जुन्या घरात टीव्हीच्याच केबलवरून १०० एमबीपीएसचे इंटरनेट घेतले आहे, ते दुपारी वारंवार तुटते, रात्री नऊनंतर रेंगाळते आणि केबलवाले प्रत्येक वेळी मोडेम बंद करून चालू करायला सांगतात, असे आपण लिहिले आहे. आपण दिलेल्या वेळांतच निम्मे उत्तर आहे. दुपारचा बिघाड आणि रात्रीचा संथपणा यांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात, म्हणून त्यांचा शोधही वेगवेगळा घ्यावा.

त्याआधी वाय-फायचा संशय दूर करून घ्या. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडून वेग मोजा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १२.५ मेगाबाइट, तेव्हा डाउनलोडच्या खिडकीत बाराच्या आसपासचा आकडा दिसला तर तो पूर्ण वेग समजावा. तारेवर वेग पूर्ण मिळत असेल आणि आतल्या खोलीत मिळत नसेल, तर दोष जाड दगडी भिंतींचा आहे; राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवला की बराच फरक पडतो.

तारेवरही इंटरनेट तुटत असेल, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकून पाहा. बहुतेक केबल मोडेमचे सिग्नलचे पान तेथे उघडते. डाउनस्ट्रीम पॉवर (कंपनीकडून येणाऱ्या सिग्नलचा जोर) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (हा जोर मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट आहे त्याचे माप) ३३ डीबीच्या वर आणि अपस्ट्रीम पॉवर (मोडेमकडून कंपनीकडे परत जाणाऱ्या सिग्नलचा जोर) साधारण ३५ ते ५० डीबीएमव्ही असावी, असा सर्वसाधारण अंदाज धरता येतो. अपस्ट्रीमचा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला असेल, तर आपला मोडेम पलीकडे ऐकू जावे म्हणून ओरडत आहे असे समजा. नोंदींत टी-३ किंवा टी-४ टाइमआउट (पलीकडून अपेक्षित संदेश वेळेत न येणे) वारंवार दिसणे हेही त्याच दुखण्याचे लक्षण आहे. या पानाचा एक फोटो पहाटे आणि एक भर दुपारी काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत, कारण एकट्या फोटोवरून फारसे काही ठरत नाही.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि आपल्याकडच्या केबल गच्चीवर उघड्या उन्हात पडलेल्या असतात. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की कोअॅक्स केबलमधील (टीव्हीच्या नेहमीच्या गोल केबलमधील) सिग्नलची घट सुमारे १ टक्क्याने वाढते. ही वाढ मुळात किरकोळ आहे. धडधाकट जोडणी तेवढ्याने तुटत नाही. मात्र सिग्नल आधीच काठावर असेल, कनेक्टर सैल किंवा गंजलेला असेल, तर ऊन ते दुबळेपण उघड करते. म्हणून उन्हाला दोष देण्याआधी जोड तपासावेत. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आपल्या पेठांत सर्रास आढळतात. ते कापून त्या जागी चांगले कनेक्टर बसवून घ्यावेत, कारण अशा जोडांतून आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट आत शिरतो आणि एका घरातला गोंगाट त्याच लाइनवरच्या सर्वांना भोवतो.

स्प्लिटरकडेही, म्हणजे एका केबलच्या अनेक वाटा करणाऱ्या डबीकडेही, लक्ष द्या. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर सुमारे साडेतीन डीबी खातो आणि जुन्या घरात एकामागून एक असे दोन-तीन स्प्लिटर लावलेले सापडतात. गल्लीतून येणारी केबल पहिल्याच स्प्लिटरला यावी, त्याचे एक तोंड थेट मोडेमला द्यावे आणि सर्व टीव्ही दुसऱ्या तोंडापुढे जोडावेत. टीव्हीसाठी लावलेला बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) मोडेमच्या वाटेत मुळीच नसावा, कारण साधा बूस्टर परतीचा सिग्नल जाऊ देत नाही.

रात्रीच्या संथपणाची परीक्षा सोपी आहे. रात्री दहाला वेग पडतो, पहाटे पूर्ण मिळतो आणि सिग्नलचे आकडे मात्र दोन्ही वेळी सारखेच राहतात, असे दिसले तर आपल्या नोडवर, म्हणजे आसपासच्या घरांना मिळून जोडणाऱ्या कंपनीच्या ठाण्यावर, ग्राहकांची गर्दी आहे. तेथे नवा राउटर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. नोड विभागणे किंवा इंटरनेटसाठीचे चॅनेल वाढवणे हे कंपनीचेच काम आहे. त्यासाठी तोंडी तक्रार न करता कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्या, मोजलेले वेग वेळेसह कळवा, आणि दाद मिळाली नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा.

दुपारच्या बिघाडासाठी तंत्रज्ञ बोलवाल तेव्हा मात्र त्याला दोन-तीनच्या सुमारासच यायला सांगा. सकाळी दहाला आलेल्या माणसाच्या मीटरवर सगळे आकडे व्यवस्थित दिसतील आणि तोही मोडेम बंद करून चालू करा असेच सांगून जाईल.