ओल्मेक या मेक्सिकोतल्या प्राचीन संस्कृतीच्या प्रभावाखालच्या गावांमध्ये मातीच्या मूर्तींचा विधींत काय उपयोग होता?

एकच असा उपयोग नव्हता. मूर्ती कुठे आणि कशी सापडली, यावर उत्तर ठरतं.

सगळ्यात बोलका पुरावा मेक्सिकोच्या वाहाका खोऱ्यातल्या सान होसे मोगोते गावाचा, सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा. तिथे घराच्या पडवीवजा भागात, जमिनीखाली चार मूर्ती मुद्दाम मांडून पुरलेल्या मिळाल्या: तीन हातांची घडी घालून उताण्या, एक बसलेली. पुरातत्त्वज्ञ जॉइस मार्कस यांच्या मते हा पूर्वजांना आवाहन करण्याचा घरगुती विधी होता आणि तो बायका करत. मला हे पटतं, कारण तिथल्या लहान मूर्ती बहुतेक घरांच्या आसपासच सापडतात.

मेक्सिकोतल्याच त्लातिल्को या गावात मात्र मूर्ती मृतांसोबत पुरल्या जात. चाल्कात्सिंगो या आणखी एका गावात मूर्तींची बरीच डोकी धडापासून तुटलेली आहेत; पुरातत्त्वज्ञ डेव्हिड ग्रोव्ह यांनी त्यातले काही चेहरे प्रमुखांचे मानले आणि मृत्यूनंतर ते विधीपूर्वक तोडले असावेत असं सुचवलं.

आणि ओल्मेक शैलीतली ती प्रसिद्ध पोकळ, पांढरी, गुबगुबीत मातीची बाळं? वेराक्रूसमधल्या एल मानातीच्या झऱ्यात लाकडी मूर्तींसोबत अर्भकांची हाडं मिळाल्याने या मातीच्या बाळांचा संबंध पाणी-पावसाशी जोडला जातो. पण मेक्सिकोतल्या लास बोकाससारख्या ठिकाणची अशी बहुतेक बाळं चोरट्या खोदकामातून थेट बाजारात गेली. शेजारी काय होतं, थडगं की चूल, हे कायमचं पुसलं गेलं. याचं फार वाईट वाटतं. म्हणून संग्रहालयातल्या देखण्या बाळापेक्षा नीट उत्खननातून आलेला फुटका तुकडा जास्त सांगतो.