आयसीयूबाहेर बसलेल्या मुलीस

प्रिय मुली,

नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आज तिसरा दिवस. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, उजवा हात-पाय लुळा, आणि बोलणं थांबलेलं. तू विचारलंस, ‘मी नेमकं काय करू?’ भीती इतक्यात जाणार नाही. पण तुझ्या हातात बरंच आहे, आणि काही गोष्टी तर कुणालाच करू द्यायच्या नाहीत.

आधी पाण्याचं सांगते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्याच्या तोंडात एक थेंबही जाता कामा नये. रामकुंडाचं तीर्थ नको, चमचाभर शहाळं नको, गोळीसुद्धा नको. अर्धांगवायूत घशाचे स्नायूही कमकुवत होतात. मग पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पुष्कळदा ठसकाही लागत नाही, म्हणून ‘बघ, नीट गिळलं की’ यावर भरवसा ठेवू नकोस. सासूबाईंना वाईट वाटेल; त्यांना तीर्थ कपाळाला लावू दे. नाकातली नळी बघून घाबरू नकोस, सध्या अन्न आणि औषधं तिच्यातूनच जाताहेत. तोंडाने द्यायची परवानगी मिळाली की ताठ बसवून अर्धा-अर्धा चमचा द्यायचा, आधीचा घास पोटात गेल्याशिवाय पुढचा नाही. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पहिल्यांदा काय द्यायचं, किती घट्ट, हे तपासणी करणाऱ्यांनाच विचार.

डॉक्टर ‘आत्ताच काही सांगता येत नाही’ म्हणतात, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. गुठळीने मेंदूचा मोठा भाग दुखावला असेल तर सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यांत जास्त असते. काल डोळे उघडून बघत होता आणि आज हाक मारूनही उठत नाही, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर राउंडची वाट बघू नकोस. त्याच क्षणी सिस्टरना सांग.

आता मुंबईचं. कुणी ना कुणी म्हणणारच, ‘इथे नको, मुंबईला हलवा.’ नाशिकहून रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, मध्ये कसारा घाट. अशा पेशंटसाठी तो प्रवास छोटा नाही. हलवूच नये असं मी म्हणत नाही, पण आधी तीन उत्तरं मिळव. तिथे असा कोणता उपचार होणार आहे जो इथे होत नाही? तिथला बेड आणि घेणारे डॉक्टर नक्की झालेत का? आणि इथले डॉक्टर म्हणतात का की तो प्रवास सोसेल? तिन्ही उत्तरं नीट मिळाली तरच ऑक्सिजन, मॉनिटर आणि सोबत डॉक्टर असलेली अॅम्ब्युलन्स ठरव, आणि स्कॅनची सीडी बरोबर घे. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर तिकडे काम भागत नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. त्यासाठी धावपळ करायची वेळ आता टळून गेली आहे, हे हलवायचं म्हणणाऱ्यांना शांतपणे समजावून सांग.

एक वही घे. पहिल्या पानावर लिही: शेवटचा ठणठणीत कधी दिसला, आधीची बीपी-शुगर, चालू गोळ्या, अॅलर्जी. मग रोजचं पान, आणि राउंडला विचारायचे फक्त तीन प्रश्न. नातेवाइकांचे फोन दिराकडे सोपव. तेच तेच वीस वेळा सांगून तू थकून जाशील. पैशांचं आजच बघ, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनीसाकडे जा. हे हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि हा उपचार त्यात बसतो का, हे विचार. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर कंपनीच्या एचआरला लगेच कळव.

त्याच्या उजव्या हाताला धरून ओढू नकोस, काखेत हात घालून उचलू नकोस. स्नायू ढिले पडलेला खांदा सहज निखळतो, आणि ते दुखणं पुढे व्यायामच करू देत नाही. हाताखाली उशी ठेव, दर दोन तासांनी कूस बदलली जाते का ते बघ. पोटरी एका बाजूला सुजली, दुखली तर मालिश अजिबात नाही, आधी डॉक्टर. घरी आल्यावर ‘अमुक गावात लकव्याचं औषध मिळतं’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागून रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि बीपीची गोळी बंद करायची नाही.

आणि बोलणं. हे तुला सगळ्यांत जास्त छळतंय, मला माहीत आहे. तो बोलत नाही म्हणून त्याला कळत नाही असं समजू नकोस. डाव्या बाजूच्या झटक्यात शब्द सापडत नाहीत, पण समज पुष्कळदा त्याहून जास्त शाबूत असते. त्याच्या उशाशी उभं राहून ‘आता याचं कसं होणार’ असं कुणालाही बोलू देऊ नकोस. मोठ्याने नको, हळू बोल, एका वेळी एकच गोष्ट. ‘पंखा लावू की चादर देऊ’ नको, ‘चादर देऊ?’ एवढंच, आणि मनात दहा अंक मोज. तो मानेने किंवा डाव्या हाताच्या बोटाने सांगेल. ‘हो’च्या जागी ‘नाही’ म्हणेल, तेव्हा चेहरा बघ. एखादा अंक, शिवी किंवा आरतीची ओळ अचानक तोंडातून आली तर घाबरू नकोस. पाठ झालेलं कधी कधी आधी येतं. स्पीच थेरपिस्ट कधी येणार, हे उद्याच्या तीन प्रश्नांत घाल.

उद्या जाताना त्याचा चष्मा ने. बोलण्याच्या तपासणीला चित्रं दाखवतात, आणि ती नीट दिसत नसतील तर ‘ओळखत नाही’ अशी नोंद होईल.

तुझी,
मावशी