तडजोड झाली, पण पैसे आले नाहीत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोलापूरचा टॉवेल-चादरीचा धंदा उधारीवर चालतो आणि वाद झाला की बिलातल्या अटीप्रमाणे तो लवादाकडे, म्हणजे कोर्टाऐवजी निर्णय देणाऱ्या खासगी पंचाकडे, जातो. तिथे तडजोड होते आणि पुढे पैसे अडकतात. या महिन्यातली बहुतेक पत्रे त्याबद्दलचीच आहेत.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. मालाच्या बिलावरून लवादापुढे 18 लाखांची तडजोड झाली, सहा हप्ते ठरले. लवादांनी त्याच अटींवर निवाडा (लवादाचा लेखी निर्णय) दिला. दोन हप्त्यांनंतर समोरचा गप्प आहे. आता दावा लावू का?

दावा लावायची गरज नाही. लवाद व समेट कायदा, 1996 च्या कलम 30 प्रमाणे तडजोडीवरचा निवाडा इतर कोणत्याही निवाड्याइतकाच पक्का असतो आणि कलम 36 प्रमाणे तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. तुम्ही थेट दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या बजावणीसाठी कोर्टात करायचा अर्ज, दाखल करा.

मात्र निवाड्याला आव्हान द्यायची मुदत आधी संपावी लागते. सही केलेली प्रत मिळाल्यापासून ती तीन महिने असते आणि सबळ कारण असेल तर कोर्ट आणखी 30 दिवस देऊ शकते. एवढ्या काळात तो यंत्रे विकून मोकळा होईल अशी भीती असेल, तर कलम 9 खाली मनाईचा अर्ज करा. तो निवाड्यानंतरही करता येतो. त्याने आव्हान दिले म्हणून बजावणी आपोआप थांबत नाही, हेही लक्षात घ्या. 2015 च्या दुरुस्तीपासून स्थगिती वेगळी मागून मिळवावी लागते.

‘एक हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम देय’ ही ओळ निवाड्यात आहे का, ते आजच पाहा. ती नसेल, तर थकलेल्या हप्त्यांपुरतीच वसुली मागता येईल.

लवादाचे काम चालू असताना आम्ही बाहेरच बसून मिटवले. स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या, लवादांना ‘मिटले’ म्हणून कळवले, त्यांनी काम बंद केले. आता पैसे येत नाहीत. दरखास्त चालेल का?

नाही चालणार, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते. हीच चूक मी सर्वांत जास्त पाहतो. तुमच्या हातात निवाडा नाही, फक्त करार आहे. तो मोडला म्हणून नव्याने दाद मागावी लागेल आणि पैसे थकल्यापासून साधारण तीन वर्षांत ती मागायला हवी. जुन्या बिलातली लवादाची अट या कराराला लागू पडते का, हे कराराचे शब्द वाचूनच ठरेल. म्हणून कागद घेऊन वकिलाकडे जा. हप्त्यांचे चेक दिले असतील आणि ते परत आले असतील, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवा, ती मुदत चुकवू नका.

तडजोड लवादांपुढे ठेवून ‘याच अटींवर निवाडा द्या’ असा दोघांच्या सह्यांचा अर्ज देणे हे एका बैठकीचे काम होते. ज्यांचे प्रकरण अजून लवादापुढे चालू आहे, त्यांनी कृपया तेवढे केल्याशिवाय काम बंद होऊ देऊ नये.

लवादाचे काम पुण्यात झाले. देणेकऱ्याचे गोदाम मात्र सोलापुरात आहे. आधी पुण्यात अर्ज करावा लागेल का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सुंदरम फायनान्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट जाता येते. सोलापुरातच दरखास्त लावा.

तडजोडीत मला गाळा मिळाला. निवाडा पुरेसा आहे ना?

तो निवाडाच तुम्हाला गाळ्याची मालकी देत असेल, तर त्याला मुद्रांक लागतो आणि नोंदणीही लागते. हे राहिले, तर बजावणीच्या वेळी अडचण येते.

मी विणकर आहे. तडजोडीचा हप्ता मीच चुकवला आहे. बेलिफ (कोर्टाचा जप्ती करणारा कर्मचारी) माग उचलून नेईल का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. ज्या हातमागावर तुम्ही स्वतः बसता, त्यासाठी हा बचाव ठामपणे मांडा. कामगार लावून चालवलेल्या यंत्रमागांच्या शेडला तो सहजी मिळेल, असे समजू नका. दरखास्तीची नोटीस आली तर तारखेला हजर राहा आणि देता येईल तेवढे द्या. पैसे रोख देऊ नका, बँकेतून द्या. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम 30 दिवसांच्या आत कोर्टात नोंदवून घ्या, नाहीतर तीच रक्कम पुन्हा तुमच्याकडून मागितली जाऊ शकते.