पाटी वेगळी कशी?

प्रश्न: आमच्या गावच्या कौलारू चर्चवर ‘मेथडिस्ट’ लिहिलंय अन् तालुक्याच्या चर्चवर ‘सीएनआय’, हा काय घोळ आहे? – एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर: घोळ आपल्या नागपुरातलाच आहे भाऊ! २९ नोव्हेंबर १९७० ला तिथं सहा प्रोटेस्टंट चर्च-संघटना एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, अमेरिकन मिशनवाले मेथडिस्टही (हाही एक प्रोटेस्टंट पंथच) येणार होते, बोलणीत वर्षानुवर्षं बसले अन् ऐनवेळी मागं फिरले, म्हणून तुमची पाटी वेगळी राहिली. गंमत म्हणजे ब्रिटिश मिशनचे मेथडिस्ट मात्र आत गेले. तुमच्यावाले १९८१ मध्ये स्वायत्त झाले, नाव मेथडिस्ट चर्च इन इंडिया. अन् इमारतीचं साल पाहिजे असेल तर दाराजवळची कोनशिला बघा, डिस्टेंपरचे थर बसले असतील, ओल्या फडक्यानं हळू पुसा, खिळ्यानं खरवडू नका बरं!