जनसुनवाईला पहिल्यांदा जाताय?
ताई, आरोग्याच्या जनसुनवाईत, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या तक्रारी अधिकाऱ्यांपुढे मांडायच्या सभेत, आवाज चढतातच, बिचकू नका. बोलायला उभं राहताना हातात कागद हवा: केसपेपर, बाहेरून आणायला लावलेल्या औषधाची चिठ्ठी, मेडिकलचं बिल. नुसतं ‘औषधं मिळत नाहीत’ म्हटलं की ‘मिळतात’ म्हणून साहेब मोकळे होतात. बाळंतिणीच्या इंजेक्शनची तारखेसकट पावती पुढे केली, की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना उत्तर द्यावंच लागतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, गाडी सगळं मोफत आहे. आशाताई, नर्सबाईंवर मात्र तुटून पडू नका, रिकामी पदं भरणं त्यांच्या हातात नाही. जिची तक्रार, तिलाच बोलू द्या; तुम्ही शेजारी उभ्या राहा. आणि मिळालेलं आश्वासन मुदतीसह इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.