बरे वाटले म्हणजे निदान झाले का?

“गहू बंद केल्यापासून मला बरे वाटते आहे, मग मला सीलिएक आजारच असेल ना, आणि असेल तर आता तपासणी कशाला?” आहार समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. या वेळी तो विचारणारी मुलगी स्वतः आहारशास्त्राची विद्यार्थिनी होती. ओळख पटू नये म्हणून तिच्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत.

रुग्णालयातील इंटर्नशिपमध्ये तिला ग्लूटेनमुक्त आहाराचे माहितीपत्रक तयार करायचे होते. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनांविषयी वाचता वाचता पोट फुगणे, थकवा आणि कमी हिमोग्लोबिन ही लक्षणे तिला आपलीच वाटू लागली आणि कोणालाही न सांगता तिने ग्लूटेन असलेले सर्व पदार्थ सोडले. वैद्यकीय विषय शिकणाऱ्यांना प्रत्येक नवा आजार आपल्याला झाल्यासारखा वाटतो हे खरे असले, तरी तिची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण जुलाब किंवा पोटदुखी नसतानाही केवळ लोहाच्या कमतरतेतून हा आजार उघडकीस येऊ शकतो.

अडचण वेगळीच होती. सीलिएक आजारात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते आणि त्यातून तयार होणारी प्रतिपिंडे टीटीजी-आयजीए या रक्तचाचणीत दिसतात. ग्लूटेन बंद केले की ती हळूहळू ओसरतात आणि आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते. त्यामुळे आजार असूनही अहवाल निर्दोष येण्याची शक्यता राहते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे दिवसातल्या एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावे लागते. हे ऐकून ती नाराज झाली. “मॅडम, बरे वाटते आहे तर पुन्हा त्रास का ओढवून घेऊ?” असे तिने विचारले आणि तिचा प्रश्न रास्तच होता.

मी तिला सांगितले की बरे वाटण्याला ग्लूटेनखेरीज इतर कारणेही असू शकतात. गव्हात फ्रुक्टन नावाची आंबणारी कर्बोदकेही असतात. ग्लूटेन सोसत नाही असे स्वतःहून सांगणाऱ्या, पण सीलिएक नसलेल्या 59 जणांवर नॉर्वेत झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टनमुळेच अधिक त्रास झाल्याचे दिसले होते. शिवाय गव्हाबरोबर तिची बिस्किटे, केक आणि अवेळी खाणेही सुटले होते. नेमके कारण कळणे आवश्यक होते, कारण सीलिएक असेल तर पथ्य आयुष्यभराचे आणि अत्यंत काटेकोर असते. त्यात एकच चाकू दोन्ही प्रकारच्या पावांना वापरणेही चालत नाही, आणि आईवडील व भावंडांनीही तपासून घेणे योग्य ठरते. आजार नसेल, तर एवढे बंधन पाळण्यात अर्थ नाही. उलट बाजारातील अनेक ग्लूटेनमुक्त पदार्थांत तंतू आणि ब गटातील जीवनसत्त्वे कमी असल्याने पोषणाचे नुकसान होऊ शकते. (“ग्लूटेनमुक्त” आणि “पौष्टिक” हे समानार्थी मानण्याची सवय मला आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही दिसते, याचे वाईट वाटते.)

पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिने गहू पुन्हा सुरू केला. पहिले काही दिवस पोट फुगले, नंतर त्रास सोसण्याइतका राहिला. टीटीजी-आयजीए चाचणी निर्दोष आली. आयजीए हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार आहे; शरीरात एकूण आयजीए कमी असल्यास ही चाचणी फसवी ठरते, म्हणून तेही मोजले होते आणि ते पुरेसे होते. लोहाची कमतरता मासिक पाळीतील अतिरक्तस्रावामुळे असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि त्यावर स्वतंत्र उपचार सुरू झाले. गहू तिने सोडला नाही. फक्त एका वेळचे प्रमाण कमी केले आणि कांदा-लसणातही फ्रुक्टन असल्याने त्यांच्याकडे लक्ष ठेवले.

ज्यांना गहू पुन्हा खाणे अगदीच अशक्य वाटते, त्यांनी एचएलए डीक्यू 2 आणि डीक्यू 8 या जनुकांच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. आहार बदलल्याने तिच्या निकालात फरक पडत नाही. ही जनुके नसतील तर सीलिएक जवळजवळ नाकारता येतो; मात्र ती अनेक निरोगी माणसांतही असतात, त्यामुळे केवळ ती आढळली म्हणून आजार आहे असे ठरत नाही.