गोधडी शिवताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

आईच्या चार सुती साड्या ठेवलेल्या आहेत. त्यात 5 बाय 7 फुटांची गोधडी बसेल का? कापायचं कसं? (दर्यापूर तालुका)

बसेल ताई, आणि सहा थरांची बसेल. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे 18 फुटांची, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 45 इंच धरा. लांबीतून 5 फूट 2 इंचांचे तीन तुकडे काढा. दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की 5 फूट रुंद आणि 7 फुटांहून थोडा लांब असा एक थर होतो. चार साड्यांचे बारा तुकडे, म्हणजे सहा थर. प्रत्येक साडीतून अडीच फूट उरतं, त्यातून कडेच्या गोटाच्या पट्ट्या निघतील. जुनी साडी आटलेली असते, म्हणून कात्री लावण्याआधी पन्हा मोजा.

सगळे जोड एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर मधोमध दोरखंडासारखी वळी येते आणि पाठीला टोचते. एका थराचा जोड दोन इंच वर सरकवा, पुढच्याचा दोन इंच खाली. जरीचा काठ असेल तर काढून टाका. त्या साडीचा थर चारेक इंचांनी आखूड भरेल, तो आत घाला. प्रत्येक तुकडा दारातल्या उजेडात धरून पाहा. निऱ्यांच्या आणि बसायच्या जागी वीण जाळीसारखी दिसली, तर तो तुकडा आतल्या थरात. वर-खाली मात्र घट्ट विणीचंच कापड हवं.

टाके सरळ घातले तरी गोधडी मधे फुगते आणि कडेला चुण्या पडतात. (आर्वी)

दोष बहुतेक टाक्यांत नाही, अंथरण्यात आहे. आधी कापड तपासा: जुन्या साड्यांखाली नवंकोरं मांजरपाट लावलं होतं का? नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, शंभर इंचाला तीन ते पाच इंच सहज. साडी कधीचीच आटून बसलेली असते. मग खालचा थर आकसतो आणि वरचा चुण्यांत गोळा होतो. म्हणून नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच घ्या.

आता अंथरणं. सारवलेल्या जमिनीवर ताडपत्री टाका. अस्तर उलटं पसरा आणि चारही कोपऱ्यांवर वीट किंवा भरलेला तांब्या ठेवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून बसवलेलं अस्तर वजन उचलताच मागे येतं, आणि तुमचा फुगा तिथेच तयार होतो. प्रत्येक थर टाकल्यावर तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखा हात फिरवा. मग कच्चा दोरा, तोही मधूनच: आधी अधिकच्या खुणेसारखा उभा-आडवा, नंतर दर सहा इंचांवर एक ओळ.

कडेपासून आत चौकोनी फेऱ्या घालत जायची आपल्याकडची रीत चुकीची नाही. पण कच्चे टाके नसतील, तर प्रत्येक फेरी थोडं ढिलं कापड आत ढकलते आणि शेवटी सगळं मधे साचतं. पाच-सहा टाके झाले की बोटाने ओळ सपाट करा. दोरा ओढून बसवायचा नसतो. ओळी दीड इंचावर आणि दोरा दुहेरी धरला, तर दोनशे मीटरच्या वर दोरा जातो. रंग मधेच संपू नये म्हणून अडीचशे मीटर आधीच आणा.

ओळी आखायला पेन नको. धुण्याच्या साबणाची झिजलेली चिप घ्या, रेघ बारीक उमटते आणि पहिल्या पाण्यात जाते.

सहा थरांतून सुई निघत नाही, बोटं सोलतात. (साकोली)

दाभण वापरू नका, त्याने भोकं राहतात. दोन-अडीच इंचाची, मोठ्या नेढ्याची सुई, मधल्या बोटात अंगुस्तान आणि ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा. रबरात सुई घट्ट धरली जाते. पक्कडीने ती वाकते. दोरा हातभर, फार तर वीस इंच, आणि मेणबत्तीवरून एकदा फिरवलेला. लांब दोरा घेऊन वेळ वाचत नाही, गाठी सोडवण्यात जातो.

घरचा कापूस आहे. तोच भरला तर? (पांढरकवडा)

भरा, पण मग ती रजई, गोधडी नव्हे. सरकी काढल्यावर किलोभर कापसाची रुई साधारण तिसरा हिस्साच उरते. 5 बाय 7 फुटांना दीड ते दोन किलो रुई लागते, म्हणजे पाच-सहा किलो कापूस. रुई पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावीच लागते. हाताने मोकळी केलेली रुई महिन्याभरात गोळे धरते. टाक्यांच्या ओळींमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको. आणि ही रजई पाण्यात घालता येत नाही, फक्त उन्हात टाकायची. घरात लहान मूल असेल तर सरळ साड्यांचीच गोधडी करा.

पायमशीन टाके सोडते आणि वरचं कापड सरकतं. (काटोल)

सुई बदला: चार थरांपर्यंत 16 नंबर, पुढे 18. बोथट सुई आणि नायलॉनची साडी, दोन्हींमुळे टाका सुटतो. टाका 3 ते 4 मिलिमीटरचा ठेवा. दाबपट्टीच्या दांड्यावरचा स्क्रू थोडा सैल करा; दाब जास्त असला की खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात आणि वरचं मागे राहतं. पुष्कळ गोधड्या शिवायच्या असतील तर वॉकिंग फूट, म्हणजे मशीनला लावायची वेगळी दाबपट्टी, घ्या, वरच्या कापडालाही तो पुढे नेतो. एखाद-दुसऱ्यासाठी हा खर्च नको. नायलॉन एकूणच टाळा: घाम टिपत नाही, आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतं.

लाल साडीचा रंग बाकीच्यांना लागला. आता काय? (चिखली)

लागलेला रंग पुरता निघणं कठीण. पुढच्या वेळी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून पाहा. फडकं रंगलं तर ती साडी पाणी नितळ येईपर्यंत वेगळी धुवा. मिठाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. गोधडी वाळवताना उलटी टाका, आपलं ऊन चैत्रातच रंग खातं. ठेवताना आत ओल नको, आणि घडीत कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकवलेला. ओल्या पाल्याने कसर जात नाही, हिरवे डाग तेवढे पडतात.